भिंतीवरची कोरी जागा

सिडको, नाशिक
३ नोव्हेंबर २०२४

प्रिय मनोजदादा,

तुझ्यापर्यंत फराळ पोचणार नाही हे कळल्यावर उज्वलाकाकूंनी तुझ्या वाटणीच्या करंज्या डब्यात भरून कपाटावर ठेवल्या आहेत. लेक सुटून आला की खाईल म्हणे. काल मी त्यातली एक चोरली. खवट झाली होती, तरी खाल्ली. काकूंना सांगू नकोस.

आता कामाचं. वकिलांनी सांगितलंय की माझी साक्ष फेब्रुवारीच्या सुरुवातीला लागेल. सांगायचं फार नाही. अकरा मार्चला दुपारी सव्वातीनच्या सुमारास पिंपळगावला आपण कामाला होतो त्या द्राक्षांच्या पॅकहाउसच्या अंगणात सुपरवायझर शेखरच्या मानेत कुणीतरी कात्री खुपसली, तेव्हा मी लॅबच्या खिडकीत होते, आणि तू माझ्या डोळ्यांसमोर टेंपोमागे क्रेट चढवत होतास. झालं. पण वकील म्हणतात, समोरचा वकील अंगणातला दगड न् दगड विचारेल. टेंपो कुठे होता, पाण्याची टाकी कुठे, कोल्डस्टोरेजची भिंत किती लांब. नुसतं आठवून बोललीस तर ततपप करशील.

मग मला सुचलं. आठ महिने मी ब्रश हातात धरला नव्हता. दर रविवारी आपण इंचभर उंचीचे सैनिक रंगवून टेबलावर लढाया खेळायचो, ते सगळं तू गेल्यापासून बंदच होतं. परवा तुझी खोली उघडली, टेबल पुसलं आणि अंगण बनवायला घेतलं. एका मीटरला दीड सेंटिमीटर. भिंत थर्मोकोलची, क्रेट आगपेटीच्या पुठ्ठ्याचे, टेंपो खेळण्यातला. माणसं थ्री-डी प्रिंटरवर काढणार आणि रंगवणार. साक्षीच्या आदल्या दिवसापर्यंत मला ते अंगण तोंडपाठ झालेलं असेल.

तुझ्या ब्रशांना हात लावला नाही. पाण्याची वाटी मात्र अजून डावीकडेच आहे. तू डावखुरा, मी उजवी, तरी तुझ्या टेबलावर बसलं की मी ती हलवत नाही आणि दर वेळी माझी बाही रंगात बुडते.

पंचनाम्याची मापं वकिलांनी दिली आहेत. बाकी चुका तू काढ. त्यात तुझा हात कोण धरणार!

तुझी,
पल्लवी


बरॅक ४, कारागृह
१४ नोव्हेंबर २०२४

प्रिय पल्लू,

तुझं पत्र साहेबांनी आधी वाचलं, मग मला दिलं. इथे येणारा-जाणारा प्रत्येक कागद ते वाचतात आणि शिक्का मारतात. म्हणाले, "बाहुल्या रंगवता का रे तुम्ही बहीणभाऊ?" मी म्हटलं, साहेब, बाहुल्या नाही, सैनिक. हसले. बाहुल्यांच्या पत्रात त्यांना काही रस नाही, तेव्हा खुशाल लिही. फोटोही चालतात.

आठ महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी चांगलं वाचलं. तुझं अंगण माझ्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. टाकी उत्तरेला, तिच्यापासून टेंपो अठरा पावलं, टेंपोचं तोंड फाटकाकडे. भिंतीवर तापमानाचा गोल काटा आहे, तो विसरू नकोस. शेखर तोच बघायला भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि त्या हंगामी मजुराने, चंदरने, मागून येऊन वार केला, हे पोलिसांनीच लिहिलंय. मी टेंपोमागे. ओरडा ऐकून धावत आलो, त्याला उचललं, म्हणून शर्ट भरला आणि त्या शर्टावरून मलाही चंदरसोबत आत घेतलं. हे तुला पाठ आहेच.

इथलं ऐकायचंय? मागच्या मंगळवारी एकाने माझी चादर ओढून घेतली. मी मागितली. तो हसला. मी स्टीलच्या पेल्याची कड त्याच्या भुवईवर मारली. दोनदा. भुवई फाटली की किती रक्त येतं, तुला कल्पना नाही. सगळं तोंड माखलं, तो आंधळ्यासारखा भिंती चाचपायला लागला आणि मी माझी चादर उचलून घडी घातली. आता तिला कुणी हात लावत नाही. पण सांगायचं ते वेगळंच. रक्त आधी भडक असतं, दहा मिनिटांत काळपट होतं, तासाभरात विटकरी. आणि ओलं असताना चकाकतं. बाटलीतला लाल तसाच फासू नकोस. थोडा तपकिरी घाल, वर वॉर्निशचा एक थेंब.

चंदर बरॅक दोनमध्ये आहे. जेवणाच्या रांगेत समोर आला. मी त्याच्या ताटाला लाथ घातली. तो खाली बसून भात वेचायला लागला. पेठच्या डोंगरातून हंगामापुरते येतात हे लोक, मुकाट मार खातात आणि मनात धरून ठेवतात. कोर्टाला असलाच माणूस दिसला पाहिजे.

नियम तोच. डोळ्याला दिसतं ते रंगव, मनाला ठाऊक आहे ते नाही.

तुझा,
मनोज


सिडको
२८ नोव्हेंबर २०२४

प्रिय दादा,

सोबत तीन फोटो पाठवते. शेखर, भिंत आणि सगळं अंगण वरून.

चंदरच्या ताटाचं वाचून बरं वाटलं नाही, हे स्पष्ट लिहिते. त्याने केलं असेल तर कोर्ट बघून घेईल. भात कशाला सांडायचा?

शेखरला रंगवणं मी दोन दिवस पुढे ढकललं. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण तो माणूस मला कधीच आवडला नाही. कुणाचीही कॉलर धरायची, भिंतीला टेकवायचं आणि तोंडाजवळ तोंड नेऊन शिव्या द्यायच्या, ही त्याची रीत. त्या दिवशी सकाळी क्रेट पडला म्हणून चंदरला त्याने अख्ख्या अंगणासमोर पट्ट्याने फोडलं होतं. आदल्या शनिवारी तुझ्याही थोबाडीत मारली होती, डिस्पॅचच्या चिठ्ठीवरून. तू तेव्हा हसलास. मला तुझं ते हसणं जास्त लागलं होतं.

कात्री केवढी करायची ते समजत नव्हतं. बायका द्राक्षाच्या घडातले किडके मणी काढतात ती, लांब टोकाची. शेवटी टाचणी चेपून केली. मुठीला चिंधी गुंडाळलेली होती, कारण ती चंदरच्या बायकोची, भागीबाईची कात्री. हाताला फोड येतात म्हणून तिने चिंधी बांधली होती. पोलिसांनी त्याच चिंधीवरून चंदरला पकडलं.

भिंतीवरचं रक्त दात घासायच्या ब्रशने उडवलं. ब्रशचे केस अंगठ्याने मागे ओढून सोडले, तू शिकवलंस तसं. पंचनामा झाल्यावर संध्याकाळीच पॅकहाउसवाल्यांनी भिंत धुऊन टाकली आणि पोलिसांचे फोटो सगळे प्रेताचे, म्हणून अंदाजाने केलं. मी बाहेर आले तेव्हा भिंतीकडे पाहिलं असणार, पण आठवतो तो फक्त शेखरचा एक बूट.

एक राहिलं. चंदरच्या शर्टाचा रंग कोणता होता? माझ्या लक्षातच नाही.

पल्लवी


बरॅक ४
९ डिसेंबर २०२४

पल्लू,

फोटो बघून हसू आलं आणि रागही. मी शिकवलेली मुलगी असं काम करते?

चंदरला कुठलाही रंग दे. त्या लोकांचे शर्ट सगळे सारखेच, मळके.

शेखर साफ चुकलाय. तू त्याला सिनेमातल्या माणसासारखं मान धरून मागे झुकवलंस. तो मागे झुकला नाही. त्याने मानेला हातही लावला नाही. दोन्ही हात समोर होते, बोटं वळलेली, काहीतरी पकडल्यासारखी. तोंड उघडं. तो ओरडलाच नाही, नुसता घोगरा आवाज. जीभ दातांत सापडली होती, वरचे दात स्वच्छ आणि खालचे लाल, बरोबर एक रेघ. डोळे मोठे नव्हते झाले. उलट बारीक झाले, ओळख पटवत असल्यासारखे. मग गुडघे गेले आणि तो कपाळ भिंतीला घासत खाली आला. ते कपाळावरचं खरचटणं कुठंय तुझ्या शेखरला? खालच्या दातांना एक नंबरच्या ब्रशने लाल लाव, वरचे सोड.

आणि भिंत! सगळीकडे सारखे शिंतोडे उडवून ठेवलेस. ही काय होळी आहे? रक्त दोन्ही बाजूंना होतं, डावीकडे दाट, उजवीकडे विरळ, खांद्यापासून कमरेपर्यंत. मधे नव्हतं. मधे भिंत कोरी होती, हातभर रुंद. थर्मोकोलवर परत पांढरा मार आणि नीट कर.

रागावलो म्हणून रुसू नकोस. आत रंग नाहीत, ब्रश नाही. तुझ्या हातांनीच रंगवतोय असं समज.

मनोज


सिडको
२ जानेवारी २०२५

दादा,

उशीर झाला. तू सांगितलंस तशा दुरुस्त्या केल्या आहेत.

नाताळच्या सुमारास भागीबाई आली होती. पेठहून एसटीने, पत्ता शोधत. दारातच बसली, आत यायला तयार नव्हती. मी चहा दिला. तिच्या डाव्या हाताची दोन बोटं सरळ होत नाहीत. चौकीवर बसवून ठेवलं तेव्हा तिला कुणीतरी मारलं होतं. कोण ते ती सांगत नाही.

मी विचारलं, त्या दिवशी चंदरच्या अंगावर कुठला शर्ट होता? ती लगेच म्हणाली, पिवळा टी-शर्ट. त्यांच्या गावच्या शाळेत खेळांच्या वेळी वाटला होता, पाठीवर धावणारा पोरगा छापलेला. "पट्ट्यानं मारलं ना सकाळी, तवा तो पोरगा मधूनच फाटला." एवढा भडक पिवळा रंग, आणि मी रंग ओळखणारी बाई, माझ्या लक्षातसुद्धा राहिला नाही.

ती म्हणते, त्या वेळी चंदर टाकीवर होता, तिला पाणी काढून देत होता. बायकोचं कोण ऐकतं! जाताना म्हणाली, "बाई, तुमी खिडकीत व्हत्या ना? मंग दिसलं तेवढंच सांगा. माझ्यासाठी काय वाढवू नका. कमी बी करू नका."

दादा, मला एकच सांग. टेंपोमागे तू नेमका कुठे उभा होतास?

पल्लवी


बरॅक ४
१० जानेवारी २०२५

प्रिय पल्लू,

घाबरलीस. अक्षरावरून कळतंय.

साक्षीच्या आधी सगळ्यांचं असंच होतं. ती बाई मुद्दाम तुझ्याकडे येऊन रडून गेली, आणि तू विरघळलीस. दारात घ्यायचंच नाही असल्यांना. मी टेंपोच्या मागच्या डाव्या चाकाशी होतो, चौथा थर लावत होतो. तू पाहिलंस. पोलिसांनाही तेच सांगितलंस. आता खाली-वर करायचं कारण नाही.

तुला ओम आठवतो? आपल्या रविवारच्या ग्रुपमधला, माझा घोडेस्वार मुद्दाम पाडला होता त्याने. मी त्याचं बोट टेबलाच्या कडेवर ठेवून मोडलं. कट्ट झालं, तू कान झाकून घेतलेस. त्याचे वडील आले तेव्हा तूच पुढे होऊन म्हणालीस की ओम स्कूटरवरून पडला, मी पाहिलं. एकोणीस वर्षांची होतीस आणि पापणी लवली नाही तुझी. त्या दिवशी मला वाटलं, सख्खी बहीण असती तरी एवढं केलं नसतं.

तेवढंच परत करायचंय. आईकडे बघ. ती खवट करंज्या सांभाळत बसली आहे.

तुझा दादा


सिडको
१९ जानेवारी २०२५

दादा,

ओमचं बोट अजून वाकडं आहे. मागच्या आठवड्यात कॉलेज रोडवर भेटला, मी मान खाली घातली.

आता मी काय केलं ते लिहिते. तुझ्या दुरुस्त्यांप्रमाणे शेखर नवा काढला. कपाळ खरचटलेलं, खालचे दात लाल, हात समोर. पंचनाम्यात भिंतीपासून दोन फूट लिहिलंय, तिथे उभा केला. तुला मागच्या डाव्या चाकाशी ठेवलं. मग खेळताना करतो तसं केलं. कुठला सैनिक कुणाला बघू शकतो यावर वाद झाला की तू आम्हाला हनुवटी टेबलाला टेकवायला लावायचास. म्हणायचास, वरून सगळंच दिसतं, म्हणून वरून बघायचंच नाही. सैनिकाच्या डोळ्याच्या उंचीवर या.

मी हनुवटी टेकवली. तुझ्या डोळ्याच्या उंचीवर आले. चाकापाशी तुला क्रेट दिसतात. क्रेटच्या वरून शेखरचं टाळकं दिसतं, मागून. त्याचे दात दिसत नाहीत. डोळे बारीक झाले की मोठे, काही दिसत नाही. तुला मी टेंपोच्या सगळ्या कोपऱ्यांवर फिरवलं. टपावरसुद्धा चढवलं. शेवटी एकच जागा सापडली जिथून तू लिहिलेलं सगळं दिसतं. शेखर आणि भिंत यांच्या मधली. तिथे एकच माणूस मावतो, तोही भिंतीला पाठ लावून. कुणीतरी कॉलर धरून टेकवल्यासारखा.

धावत येऊन उचलणाऱ्याला पडलेला माणूस दिसतो. उभा असलेला, हात पुढे केलेला, ओळख पटवणारा माणूस दिसत नाही.

मग भिंतीकडे वळले. मधे पांढरा मारला, हातभर रुंद कोरी जागा ठेवली आणि तासभर तिच्यापुढे बसून राहिले. रणगाड्यावर पट्टा रंगवायचा असला की आपण आधी चिकटपट्टी लावतो, वरून रंग उडवतो आणि पट्टी काढतो. पट्टीखाली कोरं राहतं. त्या भिंतीपुढे कोण होतं, दादा? कुणाच्या अंगावर ते मधलं रक्त गेलं?

मी उठून मोरीत हातावरचा पांढरा रंग धुतला. मग परत आले आणि तुला त्या फटीत उभं केलं. बरोबर बसलास.

आता माझं सांगते, कारण एकट्या तुझंच सांगायचं बरोबर नाही. मी तुला टेंपोमागे पाहिलं होतं, पण चहाच्या आधी. नंतर मी द्राक्षाची गोडी मोजायला आत वळले आणि ओरडा झाल्यावरच परत खिडकीत आले. चौकीबाहेर काकूंनी माझा हात दाबला आणि मी मधली वीस मिनिटं खाऊन टाकली. मला वाटलं, मी खऱ्यालाच थोडी मदत करतेय.

मी तुझ्यावर जगात सगळ्यात जास्त विश्वास ठेवला. मला तुझा इतका राग आलाय की रात्री दात दुखतात.

पल्लवी


बरॅक ४
२५ जानेवारी २०२५

पल्लवी,

खेळण्यांशी खेळून डोकं फिरलंय तुझं. थर्मोकोलच्या भिंतीवरून मला फासावर चढवतेस? मी कल्पनेने लिहिलं. चित्रकार कल्पनाच करतो. कुणालाही दाखव ती पत्रं, हसतील तुला.

काय बिघडलं असतं गं? चंदरला आत दोन वेळचं जेवण मिळतं. त्याला बाहेर काय आहे, नागलीचं एक वावर आणि दर हंगामात कुणाची तरी लाथ. माझं अख्खं आयुष्य पडलंय.

आणि शेखर! त्या सुपरवायझरने माझ्या तोंडावर थुंकून काय म्हटलं ते तुला माहीत आहे? तुझ्याबद्दल म्हटलं. लॅबमधल्या पोरीबद्दल. नाही माहीत. माहीत नसलेलं बरं.

कोर्टात उभी राहून उलटं बोललीस तर लक्षात ठेव. आज ना उद्या मी बाहेर येईन. ओमचं एकच बोट होतं. तुझी दहाही मोडीन, एकेक करून, सावकाश. ब्रश धरायला अंगठासुद्धा ठेवणार नाही. मीच शिकवलं त्या हातांना, मीच काढून घेईन.

हे पत्र साहेबांनी वाचलं तर वाचू देत. घरचं भांडण आहे.

मनोज


सिडको
५ फेब्रुवारी २०२५

दादा,

काल साक्ष झाली.

तुझ्या वकिलांनी विचारलं, मी उत्तर दिलं. चहाच्या आधी पाहिलं. नंतर नाही पाहिलं. ते म्हणाले, पोलिसांना वेगळं सांगितलंत. म्हटलं, तेव्हा खोटं बोलले. तू पिंजऱ्यात उभा होतास आणि माझ्याकडे बघत नव्हतास, माझ्या हातांकडे बघत होतास. मी ते पाठीमागे लपवले नाहीत.

बाहेर पायऱ्यांवर काकूंनी मला धरलं. आधी थोबाडीत दिली, मग केस, मग कानातलं ओढलं. कानाची पाळी फाटली. काकूंच्या नखांत माझं रक्त आणि तोंडात तुझं नाव. मी हात उचलला नाही. ड्रेसवर पडलेलं रक्त आधी भडक होतं, रिक्षात बसेपर्यंत काळपट झालं, घरी येईतो विटकरी. तुझं बरोबर होतं.

एवढं करूनही चंदर सुटत नाही. मी पाहिलं नाही म्हणाले, म्हणजे तू केलंस असं होत नाही. त्याच्या वकीलबाईंना तुझी पत्रं दाखवली. त्या सगळी वाचून म्हणाल्या, समोरची बाजू म्हणेल कल्पना आहे. जखम मानेच्या उजव्या बाजूला. मागून उजव्या हाताने वार केला तरी तिथेच लागतो. चंदर उजव्या हाताचा. चिंधी त्याच्या बायकोची. भिंत धुतलेली. धमकीचं पत्र फार तर तुझा स्वभाव दाखवतं.

शेखर माझ्याबद्दल काय बोलला, मला नको आहे. तो हलकट होता हे मी मान्य करते. त्याने तुझी कॉलर धरली, भिंतीला टेकवलं आणि तुला जे वाटलं ते मला कळतं. मी तुला तेव्हाच मिठी मारली असती. पण त्यानंतर तू कात्री टाकलीस, आणि दहा महिने एका माणसाला तिच्याखाली ठेवलंस, आणि वर त्याच्या ताटाला लाथ मारलीस. ते मला कळत नाही. कळून घ्यायचंही नाही.

अंगण पूर्ण झालं. फोटो सोबत आहे. टाकीपाशी भागीबाई हंडा धरून उभी, चंदर वाकून पाणी काढतोय, पिवळा टी-शर्ट, पाठीवर फाटका पोरगा. तू फटीत आहेस, भिंतीला पाठ लावून. तुझ्या चेहऱ्याला सहा दिवस लागले. आठवलं तसा नाही रंगवला. जवळ ठेवून, बघून बघून रंगवला. तुझ्या उजव्या हातात कात्री दिली आहे.

माझी दहाही बोटं अजून शाबूत आहेत. फोटोत काही चुकलं असेल तर नेहमीसारखं कळव.

पल्लवी


बरॅक ४
१७ फेब्रुवारी २०२५

पल्लू,

फोटो मिळाला. पहिल्या दिवशी फाडायला घेतला होता, कोपरा गेला आहे. मग उशीखाली ठेवला. मग खिडकीशी नेऊन उन्हात बघितला, रोज.

तुझं काम आजवर मी एकदाही न टोकता सोडलं नाही. या वेळी शोधून थकलो. शेखरचे दात बरोबर. कपाळ बरोबर. कोरी जागा बरोबर, मी उभा असताना कोरं काहीच दिसत नाही, हेही बरोबर. पिवळा मी विसरलो होतो, फोटोत बघितल्यावर आठवला. तो खरंच टाकीवर होता. मला तिथून दिसत होता.

माझा चेहरा रंगवलास त्यात राग नाही. मी समजत होतो, माझ्या तोंडावर तेव्हा राग असेल. तू भीती रंगवलीस. इंचभर माणसाच्या डोळ्यांत एवढी भीती कशी बसवलीस, मला नाही जमलं कधी. शिकवण्यासारखं माझ्याकडे आता काही उरलं नाही.

काल रांगेत चंदर पुढे होता. मी माझं ताट त्याच्यापुढे धरलं. त्याने घेतलं नाही. बरोबर केलं.

तुझ्या बोटांबद्दल लिहिलं ते वाईट लिहिलं. पण खरंच लिहिलं होतं, तेव्हा मी बाहेर नाही हे बरंच आहे.

फोटोत एकच चूक आहे. बाकी सगळं सोडेन, ही सोडवत नाही. कात्री उजव्या हातात नव्हती. क्रेटच्या थरावर पडली होती, माझ्या डाव्या बाजूला. उजवा हात त्याने भिंतीला दाबून धरला होता. मी डाव्याने उचलली आणि डाव्यानेच मारली. समोरून, त्याच्या मानेच्या उजव्या बाजूला. चिंधी ओली होती, द्राक्षाच्या रसाने हाताला चिकटली. एवढी वर्षं पाण्याची वाटी डावीकडे ठेवतेस आणि हे चुकलीस, यावर मी विश्वास ठेवायचा? तू मुद्दाम चुकलीस. मला ठाऊक आहे. तरी सांगतोय.

कात्री डाव्या हातात दे आणि मग ते अंगण वकीलबाईंना दाखव. सोबत हे पत्रही.

इथवर लिहिलेलं साहेबांनी दोनदा वाचलं. म्हणाले, "हे खरंच पाठवायचंय?" मी म्हटलं, वाचून झालं असेल तर शिक्का मारा.

तुझा,
मनोज